मेन स्ट्रीट : ओस पडलेली बाजारपेठ पुन्हा कशी उभी राहिली?

प्रस्तावना

शहरांचा इतिहास म्हटले की आपल्यासमोर राजधान्या, किल्ले आणि बंदरे येतात. लहान गावातली बाजारपेठ क्वचितच अभ्यासाचा विषय होते. पण गावाचे अर्थकारण, ओळखीपाळखी, सणवार आणि राजकारण यांची गाठ पडते ती पेठेतच. ती ओस पडली तर गावाचे नेमके काय जाते? आणि ती पुन्हा भरायची असेल तर पुढाकार कोणी घ्यायचा : सरकारने, मोठ्या गुंतवणूकदाराने की तिथल्याच लोकांनी?

या पाठात आपण अमेरिकेतील ‘मेन स्ट्रीट’ चळवळीचा इतिहास पाहू. मेन स्ट्रीट म्हणजे गावाचा मुख्य रस्ता, दुतर्फा दुकाने असलेली पेठ. इंग्लंडमध्ये तिलाच ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात. उदाहरण परदेशातले असले तरी त्यातला प्रश्न तुम्हाला ओळखीचा वाटेल.

१. पेठ का ओस पडली?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि कुटुंबे उपनगरांत राहायला गेली. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैल, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटर लांबीच्या आंतरराज्य महामार्गांना मंजुरी मिळाली. त्याचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. नवे रस्ते बहुधा गावाच्या बाहेरून गेले आणि गिऱ्हाईकही त्यांच्यामागून बाहेर गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिनियापोलिसजवळच्या एडिना येथे ‘साउथडेल’ हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल सुरू झाला. त्याचा रचनाकार व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. उपनगरातल्या लोकांना व्हिएन्नासारखी भेटीगाठींची जागा मिळावी, अशी त्याची कल्पना होती. प्रत्यक्षात मॉलभोवती वाहनतळांचे समुद्र पसरले आणि जुन्या पेठेचे गिऱ्हाईक तुटले. पुढे वॉलमार्टसारखी स्वस्त मालाची मोठी दुकानेही लहान गावांच्या वेशीवर आली.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. मॉलची सरशी केवळ वातानुकूलनामुळे झाली नाही. मॉलला एक मालक आणि एक व्यवस्थापक असतो. कोणत्या गाळ्यात काय असावे, दिवे कधी लावायचे, सवलतीचा सप्ताह कधी ठेवायचा, हे सगळे एका ठिकाणी ठरते. पेठेत पन्नास दुकानदार, तीस गाळामालक आणि एक नगरपालिका. प्रत्येक जण आपापल्या उंबऱ्यापुरते पाहतो. पेठेचा खरा आजार इथे होता.

२. आधीचे उपाय आणि त्यांचे परिणाम

पहिला उपाय होता पाडापाडीचा. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याखाली शहरांना जुने भाग पाडून जमीन मोकळी करण्यासाठी केंद्राचे पैसे मिळू लागले. कित्येक पेठा भुईसपाट झाल्या. काही ठिकाणी नव्या इमारती आल्या, काही ठिकाणी वर्षानुवर्षे नुसती मोकळी मैदाने राहिली.

दुसरा उपाय मॉलची नक्कल करण्याचा. १९५९ मध्ये मिशिगन राज्यातील कॅलामझू शहराने आपल्या मुख्य रस्त्यावर वाहनबंदी करून तो फक्त पादचाऱ्यांसाठी ठेवला. ही योजनाही ग्रूएनचीच. अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले, पण बहुतेकांना पुढे वाहने पुन्हा सोडावी लागली. खुद्द कॅलामझूने १९९८ मध्ये रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी खुला केला.

तिसरा उपाय दुकानदारांनी स्वतःच केला. एकोणिसाव्या शतकातल्या विटांच्या आणि दगडांच्या दर्शनी भिंतींवर त्यांनी अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले. दुकान ‘मॉडर्न’ दिसावे एवढाच हेतू. परिणामी पेठेचे जे वेगळेपण मॉलकडे कधीच नव्हते, तेच पत्र्याआड गेले.

३. कॉर्निंग : पुरानंतरची पेठ

जून १९७२ मध्ये ‘अॅग्नेस’ वादळाच्या पावसाने न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावात शेमंग नदीला मोठा पूर आला. काचेच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाची ‘मार्केट स्ट्रीट’ ही पेठ पाण्याखाली गेली. सगळे पाडून नवे बांधावे, असा एक मार्ग समोर होता.

त्याऐवजी १९७४ मध्ये मार्केट स्ट्रीटच्या जीर्णोद्धारासाठी एक छोटी संस्था स्थापन झाली. काच कंपनीच्या प्रतिष्ठानाने तिला आर्थिक आधार दिला आणि नॉर्मन मिंट्झ यांची पूर्णवेळ नेमणूक झाली. कामाची पद्धत साधी होती. दुकानदाराकडे जायचे, त्याच्या इमारतीचे मूळ रूप कसे होते ते दाखवायचे, दर्शनी भागाचा आणि पाटीचा आराखडा करून द्यायचा. सक्ती कसलीच नाही. एका दुकानाचा पत्रा उतरला आणि खालची नक्षी दिसली की शेजाऱ्याला आपल्या पत्र्याची लाज वाटू लागते. शेजाऱ्याचे पाहून शिकणे हे समाजकार्यातले फार जुने साधन आहे.

४. तीन गावांचा प्रयोग (१९७७ ते १९८०)

‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मध्यपश्चिम विभागाच्या प्रमुख तेव्हा मेरी मीन्स होत्या. एकेक इमारत वाचवून भागत नाही, आतले दुकान चालले तरच इमारत टिकते, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९७७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तीन गावांत तीन वर्षांचा प्रयोग सुरू झाला.

पहिले गाव इंडियाना राज्यातील मॅडिसन, लोकसंख्या सुमारे १३,०००. ओहायो नदीकाठचे हे जुने बंदर. व्यापार दुसरीकडे वळल्यावर नवे बांधायला पैसा राहिला नाही आणि त्यामुळेच जुन्या इमारती वाचल्या. दुसरे इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग, लोकसंख्या सुमारे ३५,०००. रेल्वेचे आणि नॉक्स कॉलेजचे गाव. तिसरे दक्षिण डकोटातील हॉट स्प्रिंग्ज, सुमारे ५,००० वस्तीचे, गरम पाण्याच्या झऱ्यांचे आणि वालुकाश्माच्या इमारतींचे.

प्रत्येक गावात एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला गेला. त्याने इमारतींची पाहणी केली, दुकानदार, बँका आणि नगरपालिका यांना एका टेबलाशी बसवले, गिऱ्हाईक परत यावे म्हणून उत्सव आणि कार्यक्रम आखले. मॉलच्या व्यवस्थापकाचे काम आता पेठेसाठी करणारे कोणीतरी आले होते.

५. चार सूत्रे

या अनुभवातून चार सूत्रे तयार झाली. परीक्षेच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहेतच, पण पाठ करण्याआधी त्यांचा परस्परसंबंध समजून घ्या.

(अ) संघटन : दुकानदार, गाळामालक, रहिवासी, बँका आणि नगरपालिका यांची एक समिती, आणि तिच्यासाठी रोज काम करणारा माणूस.
(आ) प्रसार : पेठेत येण्याला कारण देणारे सण, बाजार आणि कार्यक्रम.
(इ) रचना : दर्शनी भाग, पाट्या, पदपथ आणि दिवे यांची निगा.
(ई) आर्थिक पुनर्रचना : कोणत्या दुकानांची गरज आहे ते पाहणे आणि रिकामे गाळे व वरचे मजले वापरात आणणे.

यांतले एकच सूत्र उचलले तर काम फसते. नुसता उत्सव केला तर गर्दी येते आणि कचरा टाकून जाते. नुसती रंगरंगोटी केली तर सुंदर, रिकामी दुकाने उरतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सांगायचे तर हा चार पायांचा भार आहे. एक पाय आखूड असला की टेबल डुगडुगते.

१९८० मध्ये ‘नॅशनल मेन स्ट्रीट सेंटर’ स्थापन झाले आणि सहा राज्यांपासून विस्तार सुरू झाला. १९८५ पासून बॉस्टनच्या रॉसलिंडेल भागात हीच पद्धत मोठ्या शहरातही वापरली गेली. आजवर २,००० हून अधिक वस्त्यांनी ती स्वीकारली आहे.

६. वर्गणी कोण देणार?

समजा, पेठेतल्या ५० दुकानांपैकी ३० जणांनी वर्गणी काढून दिवे लावले. उजेड उरलेल्या २० जणांच्या दारातही पडतो. मग पुढच्या वर्षी ते ३० जण तरी पैसे का देतील? अर्थशास्त्रात याला फुकट्यांचा प्रश्न म्हणता येईल. अनेक व्यापारी संघटना याच खडकावर फुटतात.

याचे एक उत्तर कॅनडात सापडले. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेवर मॉलचा परिणाम झाला होता. १९६८ मध्ये भुयारी रेल्वे पुढे वाढली आणि रस्त्यावरून जाणारे गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले. तेथील व्यापाऱ्यांनी स्वतःच मागणी करून कायदेशीर तरतूद मिळवली आणि १९७० मध्ये तिथे व्यवसाय सुधारणा क्षेत्र स्थापन झाले. हद्दीतल्या प्रत्येक व्यावसायिकावर ठरावीक आकारणी, ती वसूल करणार नगरपालिका, आणि खर्च ठरवणार व्यापाऱ्यांचे मंडळ. स्वेच्छेला कायद्याची जोड मिळाली. हे प्रतिमान पुढे अनेक देशांत पसरले.

७. मर्यादा

हा इतिहास यशोगाथा म्हणून वाचू नका. २००४ मध्ये गेल्सबर्गमधला मेटॅग कंपनीचा रेफ्रिजरेटरचा कारखाना बंद झाला आणि सुमारे १,६०० नोकऱ्या गेल्या. पेठ कितीही नीटनेटकी असली तरी ती कारखान्याच्या पगाराची जागा घेऊ शकत नाही. पेठ गावाची मिळकत फिरवते. ती मिळकत दुसरीकडूनही यावी लागते.

दुसरी मर्यादा यशातूनच येते. पेठ सजली की भाडे वाढते. मग चांभार आणि किराणा दुकानदार बाहेर पडतात आणि पर्यटकांची दुकाने येतात. म्हणून ‘समाज’ हा शब्द वापरताना त्या समितीत कोण बसले होते आणि कोणाला बोलावलेच नव्हते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवे.

८. आपल्या पेठेकडे पाहताना

भारतात पेठेचे दुखणे अनेकदा उलटे असते : गर्दी, वाहनांची कोंडी, जुन्या भाड्यांचे वाद. शिवाय आपली पेठ म्हणजे केवळ गाळे नव्हेत. पदपथावरचा भाजीवाला आणि हातगाडीवालाही तिचाच भाग आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत असे ठरवले. म्हणजे टेबलाशी कोण बसणार, या प्रश्नाला आपल्याकडे निदान कायद्यात उत्तर आहे. ते प्रत्यक्षात कितपत उतरले आहे, हे तुम्ही आपल्या गावात पाहू शकता.

त्यासाठी सुट्टीच्या दिवशी पेठेतून एक फेरी मारा. बंद गाळे मोजा, वरचे मजले वापरात आहेत का पाहा, आणि सगळ्यात जुन्या दुकानदाराला विचारा : या पेठेची काळजी वाहणे हे इथे कोणाचे काम आहे? त्याला एकही नाव सांगता आले नाही, तर पहिले काम कोणते हे तुम्हाला कळलेले असेल.

विचारासाठी प्रश्न

१. मॉल आणि पेठ यांच्या व्यवस्थापनातील फरक सांगा. मेन स्ट्रीट पद्धतीने तो कसा भरून काढला?
२. कॉर्निंगमध्ये सक्ती नव्हती, टोरांटोत आकारणी सक्तीची होती. दोन्हींचे फायदे आणि तोटे लिहा.
३. गेल्सबर्गच्या उदाहरणावरून स्थानिक प्रयत्नांची मर्यादा स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील पेठेला चार सूत्रांपैकी कोणत्या सूत्राची गरज सर्वाधिक आहे? निरीक्षणाच्या आधारे उत्तर द्या.