बुलेट की जावा? दुचाकीस्वारांच्या निष्ठेचे दोन पंथ

घरातील पंखा कोणत्या कंपनीचा, यावरून दोन मित्रांत अबोला धरला गेल्याचे सहसा ऐकिवात नाही. मोटारसायकलची गोष्ट निराळी आहे. ‘बुलेट चांगली की जावा?’ हा प्रश्न भारतातील महाविद्यालयांच्या आवारात, चहाच्या टपऱ्यांवर आणि गॅरेजसमोरच्या कट्ट्यांवर गेली सहा दशके वादाचा विषय ठरला आहे. या वादात तर्क कमी आणि अभिमान जास्त असतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. तरीही वाद थांबत नाही.

विशेष म्हणजे या दोन वाहनांच्या वाट्याला आलेले प्राक्तन अगदी परस्परविरुद्ध आहे. जावा आणि तिचेच पुढचे रूप असलेली येझदी ज्या कारखान्यात तयार होत असे, तो १९९६ मध्ये बंद पडला. बुलेटच्या उत्पादकाने मात्र २०२४-२५ या आर्थिक वर्षात प्रथमच १० लाखांहून अधिक मोटारसायकली विकल्या. स्वारांची निष्ठा दोन्हीकडे सारखीच उत्कट होती. मग एक कारखाना तरला आणि दुसरा बुडाला, असे का झाले? या प्रश्नाचा मागोवा घेतला की ग्राहकाच्या निष्ठेचे सामर्थ्य जसे कळते, तशीच तिची मर्यादाही कळते.

दोन कुळे, दोन शहरे

रॉयल एनफिल्ड ही मूळची इंग्लंडमधील रेडिच या गावची कंपनी. तिची पहिली मोटारसायकल १९०१ मध्ये तयार झाली आणि ‘बुलेट’ हे नाव १९३२ पासून वापरात आले. स्वातंत्र्यानंतर सीमाभागातील गस्तीसाठी भारत सरकारने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. त्या मागणीच्या पाठोपाठ १९५५ मध्ये मूळ कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून ‘एनफिल्ड इंडिया’ची स्थापना झाली. मद्रासजवळील तिरुवोत्तियूर येथे आरंभी आयात भागांची जुळणी होई. पुढे सुटे भागही येथेच घडू लागले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील मूळ कंपनीचा कारभार आटोपला; मद्रासचा कारखाना मात्र चालूच राहिला.

जावाचे कूळ चेकोस्लोव्हाकियाचे. फ्रांटिशेक जानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये ‘वांडरर’ या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि जानेचेक व वांडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. भारतात रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ कंपनी उभी राहिली आणि १९६१ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. १९७० च्या दशकात टाकीवरचे ‘जावा’ हे नाव जाऊन ‘येझदी’ हे नाव आले. ‘फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू’ हे तिचे घोषवाक्य होते. १९७८ मध्ये आलेल्या ‘रोडकिंग’ने तरुणांना विशेष भुरळ घातली.

या दोघींच्या जोडीला तिसरी होती एस्कॉर्ट्स कंपनीची ‘राजदूत’. पोलंडमधील रचनेवर आधारलेली ही १७५ सीसीची गाडी दणकट आणि कष्टाळू म्हणून ओळखली जाई. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने तिच्या एका छोट्या आवृत्तीला तरुणांच्या स्वप्नात स्थान दिले. परंतु पंथ म्हणावेत असे दोन तट पडले ते बुलेट आणि जावा यांचेच.

सवयीतून जडलेले नाते

ही निष्ठा जाहिरातीने निर्माण केली नव्हती. तिचे मूळ यंत्रातच होते. बुलेटचे इंजिन चार स्ट्रोकचे. त्यातील दट्ट्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची धाव ९० मिलिमीटर. लांब धाव आणि जड फ्लायव्हील यांमुळे इंजिन संथ फिरे आणि प्रत्येक ठोका स्वतंत्र ऐकू येई. मोटारसायकलला मराठीने ‘फटफटी’ हे नाव दिले ते अशाच आवाजावरून. जावाचे २५० सीसीचे इंजिन दोन स्ट्रोकचे. त्यात दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो. त्यामुळे तिचा आवाज सलग, चढा आणि चपळ. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये मिसळावे लागणारे ऑइल आणि मागे राहणारी निळसर धुराची रेघ ही तिची ओळख होती.

बुलेट सुरू करणे हा एक विधीच होता. ॲमीटरचा काटा पाहायचा, डीकॉम्प्रेसरची लहानशी दांडी दाबून दट्ट्या योग्य जागी आणायचा आणि मगच पूर्ण वजनाने किक मारायची. हिशेब चुकला तर किक उलटी बसून पायाला इजा होई. जावाची तऱ्हा वेगळी. तिची किक आणि गिअरची दांडी एकच. गाडी सुरू झाली की तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचे. बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. जावाचे नेमके उलट. परिणामी, एका गाडीवर तयार झालेला स्वार दुसरीवर बसला की ब्रेकऐवजी गिअर दाबून बसे. निष्ठा अशी केवळ मनात नव्हती, ती पायांतही मुरलेली होती.

त्यातच तो काळ परवाना पद्धतीचा होता. पर्याय मोजके, गाडीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे आणि एकदा घेतलेली गाडी पंधरा-वीस वर्षे घरात राही. त्यामुळे गाडीच्या खोडी, तिचा मेकॅनिक, तिच्या भागांचे दुकान हे सारे कुटुंबाच्या व्यवहारात सामावून जाई. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात दारातली बुलेट ही बागायती आणि प्रतिष्ठा यांची खूण मानली गेली. गाडीला नावे ठेवणे म्हणजे त्या घराच्या निवडीला नावे ठेवणे, असा अर्थ आपोआप निघू लागला.

दोन्ही बाजूंचे टोमणे ठरलेले होते. बुलेट जिथे उभी राहते तिथे ऑइलचा डाग पडतो, असे जावावाले म्हणत. जावामागून जाणाऱ्याने नाकाला रुमाल लावावा, असे बुलेटवाले ऐकवत. गंमत अशी, की आपापल्या गाडीचे हेच दोष मालक स्वतः मोठ्या कौतुकाने सांगत. ज्या यंत्रासाठी हात काळे करावे लागतात, त्याविषयी ममत्व वाटते. विनातक्रार चालणाऱ्या यंत्राविषयी फार तर समाधान वाटते.

गट पडतात कसे?

गटाभिमानाला मोठे कारण लागत नाही, हे समाजमानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. एका प्रयोगात क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली, या निमित्ताने मुलांचे दोन गट केल्याचे सांगितले गेले. वास्तविक ही विभागणी यादृच्छिक होती. तरीही बक्षिसाचे पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, अशीही वृत्ती दिसली.

चित्रांच्या नाममात्र आवडीने एवढे घडत असेल, तर ज्या वाहनावर माणसाने नोकरीची पहिली वर्षे काढली, लग्नानंतरचा पहिला प्रवास केला, त्या वाहनाभोवती तट पडावेत यात नवल नाही. रस्त्यात समोरून येणाऱ्या समानधर्मी स्वाराला हात करणे, बंद पडलेली आपल्या नावाची गाडी दिसली की थांबून मदत करणे, ही या गटभावनेची सुंदर बाजू होय.

बदलाला विरोध

१९८५ च्या सुमारास चित्र पालटले. जपानी सहकार्याने आलेल्या १०० सीसीच्या गाड्यांनी बाजार व्यापला. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ म्हणणारी हीरो होंडाची सीडी १०० कमी पेट्रोलमध्ये मुकाट्याने धावू लागली. यामाहाच्या आरएक्स १०० ने वेगाचे नवे वेड लावले आणि स्वतःचा तिसरा पंथ निर्माण केला. जास्त पेट्रोल पिणारी, धूर सोडणारी येझदी या स्पर्धेत मागे पडली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. चाहते होते, पण जुनी गाडी जपणारा चाहता नवी गाडी विकत घेत नसतो, हे कटू सत्य त्या कारखान्याच्या वाट्याला आले.

एनफिल्डही त्याच वाटेवर होती. आयशर समूहाने १९९० च्या दशकात ती ताब्यात घेतली, तरी २००० च्या सुमारास तिची विक्री महिन्याला दोन हजारांच्या आसपास रेंगाळत होती. कंपनी विकावी किंवा बंद करावी, असा विचार सुरू असताना सिद्धार्थ लाल यांनी तिची सूत्रे घेतली. त्यांच्यापुढे पेच होता तो निष्ठावंतांचाच. नव्या ग्राहकाला डाव्या पायाचा गिअर, न गळणारे इंजिन आणि बटणावर सुरू होणारी गाडी हवी होती. जुन्या स्वाराला यातील प्रत्येक बदल धर्मभ्रष्टतेसारखा वाटत होता. अखेर गिअर डावीकडे आला, बिडाच्या इंजिनाची जागा ॲल्युमिनियमच्या नव्या इंजिनाने घेतली आणि २००९ च्या ‘क्लासिक’पासून विक्रीने उसळी घेतली. जुन्या भक्तांनी नाके मुरडली. पण त्यांच्या देवतेचा कारखाना वाचला तो त्यांचे म्हणणे पूर्णपणे न ऐकल्यामुळेच.

नावाचे मोल

तरीही निष्ठा निष्फळ ठरली, असे म्हणता येत नाही. म्हैसूरचा कारखाना बंद झाल्यावर दोन दशकांहून अधिक काळ जावा आणि येझदी रस्त्यावर राहिल्या त्या स्वारांमुळे. भंगार बाजारात भाग शोधणे, लेथवर नवे करून घेणे, एक गाडी उभी करण्यासाठी दुसरी मोडणे, हे त्यांनी स्वखुशीने केले. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साजरा होणाऱ्या जावा दिनाला अनेक शहरांत या गाड्यांचे ताफे निघतात. नाव पुसले गेले नाही, म्हणूनच आनंद महिंद्र, अनुपम थरेजा आणि रुस्तम इराणी यांचे पुत्र बोमन इराणी यांच्या ‘क्लासिक लिजंड्स’ कंपनीने ते नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणले. जानेवारी २०२२ मध्ये येझदीही परतली. नव्या गाडीला चार स्ट्रोकचे इंजिन आले, दोन सायलेन्सर मात्र जाणीवपूर्वक राखले गेले.

येझदी या नावाच्या मालकीचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये एकसदस्य पीठाने हे नाव अवसायनात निघालेल्या आयडियल जावाचेच असल्याचा निर्णय दिला आणि त्याविरुद्ध अपील दाखल झाले. कायद्याने नावाचा मालक कोणीही ठरो. कारखाना थंडावला असताना त्या नावाची किंमत ज्यांनी राखली, त्या स्वारांचा कोणत्याही दाव्यात उल्लेख नसतो.

कंपन्यांनी या भावनेचे बाजारमूल्य ओळखले आहे. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनने १९८३ मध्ये मालकांचा संघ उभारून हा मार्ग दाखवला. गोव्यातील रॉयल एनफिल्डचा ‘रायडर मेनिया’, जो २०२३ पासून ‘मोटोव्हर्स’ नावाने भरतो, त्याच परंपरेतला. वैरही विकले जाते. २०१७ मध्ये बजाजने ‘डॉमिनार’च्या जाहिरातींत बुलेटस्वारांना हत्तीवर बसवून ‘हत्ती पाळू नका’ असा सल्ला दिला, तेव्हा बुलेटप्रेमींनीच चिडून उत्तरादाखल चित्रफिती तयार केल्या.

अभिमान रस्त्यावर उतरतो तेव्हा

कट्ट्यावरचा वाद रस्त्यावर आला, की त्याचे स्वरूप बदलते. कोणाची गाडी घाटात पुढे जाते, हे सार्वजनिक रस्त्यावर सिद्ध करण्याचा मोह जीवघेणा ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. हे सारे चढाओढीचे बळी नव्हेत. परंतु दुचाकीवरील माणूस किती असुरक्षित आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. आवाजाच्या अभिमानापोटी सायलेन्सर बदलणाऱ्यांवर पोलिसांना कारवाई करावी लागते, तीही याच अतिरेकामुळे.

आजच्या तरुणांचे तट निराळे आहेत. त्यांत केटीएम आहे, यामाहाची आर १५ आहे, पल्सर आणि ट्रायम्फही आहेत. यांतील केटीएम, पल्सर आणि ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या पुण्याजवळच्या चाकण येथे बजाजच्याच छत्राखाली तयार होतात. टपरीवर हमरीतुमरीवर येणाऱ्या दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या आवारातून निघालेल्या असू शकतात. त्यामुळे त्यांची निष्ठा खोटी ठरत नाही; फक्त ती कंपनीच्या ताळेबंदाशी जोडलेली नसून स्वाराच्या स्वतःच्या वर्षांशी जोडलेली आहे, एवढे उघड होते.

जुन्या बुलेटचे आणि जुन्या येझदीचे भवितव्य आता तिसऱ्याच माणसाच्या हाती आहे. कानाने इंजिनाची वेळ जुळवणारा, पॉइंटमधील फट पत्त्याएवढ्या पात्याने मोजणारा जुना मेकॅनिक दोन्ही पंथांना सारखाच हवा असतो. त्याच्या गॅरेजात या दोन गाड्या आजही शेजारी शेजारी उभ्या असतात आणि त्यांचे मालक त्याच बाकावर बसून वाद घालत असतात. ते बाक रिकामे होऊ न देणे, म्हणजेच ही विद्या शिकणारे नवे हात तयार करणे, हे दोन्ही बाजूंचे समान हित आहे.