तुकोबांची तक्रार

तळवड्याच्या आमच्या घराच्या गच्चीवरून एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, मध्ये आणखी बांधकामे उभी राहिली नाहीत तोवर, इंद्रायणीकाठची झाडी. नदीच्या वरच्या अंगाला देहू. या दोन बाजूंचे एकमेकींशी काही नाते असेल, असे मला गेल्या वर्षापर्यंत वाटले नव्हते. ते जुळवून दिले एका चोरीने.

चोरी माझ्याच कथेची. 2014 साली एका लहानशा दिवाळी अंकात ती आली होती. मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळाली आणि ती पुढे वाळवीने वाचली. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाला, "सर, ही तुमच्या गोष्टीसारखी वाटते." सारखी कसली! तीच होती. तळवड्याच्या जागी दुसरेच गाव घातले होते, माझ्या कथेत शेवटी मरणारी म्हातारी जगवली होती, आणि खाली एका अनोळखी गृहस्थांचे नाव होते. खरे सांगतो, नाव गेल्यापेक्षा म्हातारी जगल्याचा राग मला जास्त आला.

त्या रात्री मला सालोमालो आठवला. तुकोबांच्या हयातीतच हा इसम त्यांचे अभंग मोडूनतोडून त्यांवर स्वतःची मुद्रा ठोकीत असे. गाथेत त्याच्यावरचे अभंग आहेत आणि ते मुळीच सौम्य नाहीत. संतांचा क्षमाशीलपणा आपण शाळेत मुलांना नेहमी शिकवतो. येथे मात्र तुकोबा चांगलेच संतापलेले दिसतात. बिचारे करणार काय? ना ग्रंथस्वामित्वाचा कायदा, ना तक्रार घेणारी कचेरी. तेव्हा ज्या अभंगाची चोरी झाली, त्या अभंगातच त्यांनी फिर्याद मांडली. आज साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतर सालोमालोचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते त्या फिर्यादीमुळेच.

यात आणखी एक मौज आहे. सालोमालोने तुकोबांचे नाव काढले, तर पुढे कित्येकांनी स्वतःच्या रचनांना 'तुका म्हणे' जोडून दिले. सरकारी मदतीने 1869 आणि 1873 साली दोन भागांत निघालेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. इतर गाथांत हा आकडा कितीतरी वाढतो. कोणता खरा, कोणता चिकटवलेला, यावर विद्वान अजून भांडतात. त्या भांडणात हाताने लिहिलेल्या जुन्या वह्यांची साक्ष काढावी लागते. अशा वह्यांत चाकणच्या संताजी जगनाड्यांचे नाव मोठे. त्यांनी तुकोबांचे अभंग उतरवून ठेवले. त्यांची समाधी आमच्यापासून जवळच, सुदुंबऱ्याला आहे. म्हणजे पाहा, संताजीही नक्कल करीत होते आणि सालोमालोही. फरक शेवटच्या चरणातल्या नावाचा.

कायदा आपल्याकडे कंपनी सरकारच्या अमदानीत, 1847 साली आला. सध्याचा कायदा 1957 सालचा. त्याच्या 57व्या कलमात लेखकाला दोन हक्क दिले आहेत: कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल तर आडवे जाण्याचा. हक्क विकले तरी हे दोन्ही लेखकापाशीच राहतात. हे कलम वाचताना सालोमालोच नजरेसमोर ठेवून कोणी लिहिले असावे, असा भास होतो.

2012 साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वेबसाइट चालवणाऱ्यांकडे तक्रार कशी करायची तेही ठरले. लेखी अर्ज द्यायचा. कृती कोणती, ती आपली कशावरून, नक्कल नेमकी कोठे आहे आणि ती कायद्याने मुभा दिलेल्या वापरात का बसत नाही, हे सारे लिहायचे. चालकाची खात्री पटली तर त्याने 36 तासांत तो मजकूर झाकायचा. पण 21 दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा हुकूम आणून दाखवला नाही, तर मजकूर पुन्हा उघडायची त्याला मोकळीक. आणि त्याच मजकुराबद्दल त्याच माणसाने दुसरा अर्ज केला, तर त्याला उत्तर देण्याचे बंधन नाही. हा नियम मला आधी जुलमी वाटला. मग मनात आले, नुसत्या अर्जाने कोणाचेही लिखाण कायमचे झाकता येत असते, तर सालोमालोनेच तुकोबांविरुद्ध पहिला अर्ज टाकला असता!

अडचण पुराव्याची होती. अंक वाळवीने खाल्लेला. शेवटी माझा एक जुना विद्यार्थी सापडला; तो आता याच आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे. त्याने तो अंक जपून ठेवला होता. शिवाय कथाकथनाच्या स्पर्धेसाठी सगळी कथा वहीत उतरवून घेतली होती, खाली माझे नाव आणि तारीख घालून. मला एकदम सुदुंबरे आठवले. अर्ज त्यानेच टंकून दिला.

दुसऱ्या दिवशी कथा दिसेनाशी झाली. घरात पेढे आले. पुढे एका वकिलांना भेटलो. त्यांनी खर्चाचा अंदाज सांगितला, तो माझ्या दोन महिन्यांच्या पगाराइतका होता. मुलीची फी भरायची होती. बाविसाव्या दिवशी सकाळी कथा पुन्हा हजर, म्हातारी जिवंत.

मग मी वेबसाइटचा नाद सोडला आणि थेट त्या गृहस्थांनाच पत्र लिहिले. 57व्या कलमाचा उल्लेख केला, पण धमकी दिली नाही. कथा खुशाल ठेवा, म्हटले, फक्त खाली कोणाची ते लिहा आणि म्हातारीला मरू द्या. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी त्या मुलाने पुन्हा मोबाइल आणून दाखवला. म्हातारी वारली होती. गाव तळवडे झाले होते. खाली माझे नाव होते. आडनावातला एक काना तेवढा राहिला होता.

त्याबद्दल मी तक्रार केलेली नाही.