७२ तास आणि एक घटिका

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीविषयी आपल्याकडे एकच आकडा सर्वतोमुखी झाला आहे: ७२ तास. २००५ साली भारतात ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागली आणि पुढे जाहिरातींनी तो आकडा घरोघरी पोहोचवला. आमच्या मते या गोळीचा खरा इतिहास त्या आकड्याचा नाही. तो बीजविमोचनाच्या, म्हणजे स्त्रीबीज बीजकोशातून सुटण्याच्या घटिकेचा आहे.

ही घटिका केव्हा येते, हे वैद्यकाला फार उशिरा उमगले. मनुस्मृतीने ऋतुकाल सोळा रात्रींचा मानून पहिल्या चार वर्ज्य ठरवल्या. सर्वसाधारण ऋतुचक्रात बीजविमोचन बहुधा या अवधीत येते खरे. परंतु त्याच ग्रंथात सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या असाही हिशेब असल्याने पूर्वजांच्या सर्वज्ञतेचा डिंडिम पिटण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शास्त्रज्ञांची गत तर अधिकच बिकट. कुत्रीच्या माजाच्या वेळच्या रक्तस्रावावरून त्यांनी स्त्रीच्या ऋतुस्रावाचा अर्थ लावला, स्रावाच्या सुमारासच बीज सुटते असे मानले आणि ऋतुचक्राचा मध्य 'निर्धोक' ठरवला. ज्या दिवसांत गर्भसंभव सर्वाधिक, नेमके तेच दिवस!

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा जगातील कोणत्याही डॉक्टरला हा दिवस खात्रीने सांगता येत नव्हता. त्याच दशकात जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे निष्कर्ष काढला, की बीज सुटते ते पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी. हिशेब मागून करायचा असतो. अर्थात तो दिवस कळतो, तो होऊन गेल्यावर. पुढे १९९५ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले, की गर्भसंभव सहाच दिवसांपुरता असतो: बीजविमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच.

गोळीचे यशापयश या सहा दिवसांतच ठरते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी मुख्यतः बीजविमोचन लांबवते. पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरकाची जी लाट बीज सोडवते, ती उसळण्यापूर्वी गोळी पोटात गेली तरच तिचे काम होते. चिलीतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. बीजविमोचनापूर्वी गोळी घेतलेल्या १०३ स्त्रियांत सुमारे १६ गर्भधारणा अपेक्षित होत्या; झाली एकही नाही. त्या दिवशी किंवा नंतर घेतलेल्या ४५ स्त्रियांत सुमारे ९ अपेक्षित होत्या, झाल्या ८. म्हणजे बीज सुटल्यावर गोळी घेतली काय आणि न घेतली काय, फरक जवळजवळ शून्य. ही गोळी गर्भपात घडवते, हा आक्षेपही याच आकड्यांपुढे टिकत नाही.

युरोपात २००९ साली मान्यता मिळालेली यूलिप्रिस्टलची गोळी थोडी पुढे जाते. लाट उसळू लागल्यावरही, ती शिखराला पोहोचेपर्यंत, ती बीजविमोचन रोखू शकते. त्यानंतर तीही निष्प्रभ. उरते ती आपल्या आयाबहिणींच्या ओळखीची तांबी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत ती बसवली तर बीज सुटलेले असो वा नसो, गर्भधारणा होण्याचे प्रमाण हजारात एकदोन इतकेच राहते. हा उपयोग १९७६ पासून वैद्यकाला ठाऊक आहे.

असे असूनही दुकानाच्या काउंटरवर मुलीला सांगितले जाते ते केवळ '७२ तास'. तो आकडा संबंधापासून मोजला जातो, तिचे शरीर मात्र वेगळ्याच घड्याळावर चाललेले असते. ते घड्याळ तिला दिसत नाही, म्हणूनच गोळी घ्यायची तर तास न मोजता, लगोलग घ्यावी. पाळी लांबल्यास तपासणी करावी. आणि ऋतुचक्राचा मध्य जवळ असेल तर तांबीची चौकशी करावी. एवढे तीन वाक्यांत सांगता येते. मध्य 'निर्धोक' मानणाऱ्या त्या शास्त्रज्ञांना ते अज्ञानापोटी सांगता आले नाही. आज ज्ञान हाती असताना आपण ते संकोचापोटी सांगत नाही. चुकीची किंमत मात्र तेव्हाही स्त्रीनेच मोजली आणि आजही तीच मोजते आहे.