राखीव मतदारसंघ, आदिवासींचे (ठाणे परिसर)

विधिमंडळातील ज्या जागेसाठी केवळ अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या व्यक्तीस उमेदवार होता येते, परंतु मतदानाचा हक्क त्या क्षेत्रातील सर्व मतदारांस असतो, त्या जागेच्या मतदारसंघास राखीव मतदारसंघ म्हणतात. सर्वाधिक मते मिळविणारा एकच उमेदवार निवडून येण्याच्या पद्धतीत अल्पसंख्य समाजास प्रतिनिधित्व मिळणे दुष्कर असते. त्यावर भारतात योजलेला हा उपाय होय.

१९०९ च्या कायद्याने मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले. १९१९ च्या सुधारणांनुसार मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा संयुक्त मतदारसंघांत राखण्यात आल्या. १९३२ च्या पुणे करारान्वये अस्पृश्यांसाठी विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांतील वाढीव राखीव जागा मान्य झाल्या. आदिवासींचा विचार मात्र उशिरा झाला. १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी केवळ एक जागा मागास क्षेत्रे व जमाती यांना दिली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४५ मध्ये, ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध किसान सभेच्या नेतृत्वाखाली लढा उभारला.

संविधानाच्या ३३० व ३३२ या अनुच्छेदांनी अनुसूचित जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. प्रारंभी अनेक ठिकाणी द्विसदस्य मतदारसंघ होते. ठाणे हा त्यांपैकी एक असून, वारली लढ्याचे नेते शामराव परुळेकर १९५७ मध्ये तेथून लोकसभेवर निवडून आले. तेथील दुसरी जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती. १९६१ च्या कायद्याने ही पद्धती संपुष्टात आली.

मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, की प्रतिनिधित्वाचे स्वरूपही बदलते. २००८ च्या पुनर्रचनेत भिवंडी ग्रामीण हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. तो ज्यात मोडतो तो भिवंडी लोकसभा मतदारसंघ मात्र सर्वसाधारण राहिला. त्यामुळे तानसा नदीकाठच्या, उष्णोदकाच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेल्या अकलोली गावचा मतदार विधानसभेसाठी राखीव, तर लोकसभेसाठी खुल्या मतदारसंघात मत देतो. लगतचा पालघर लोकसभा मतदारसंघ राखीव आहे.

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ४७ जागा अनुसूचित जमातींसाठी असून त्यांतील ४ महाराष्ट्रात आहेत. २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने या आरक्षणाची मुदत २०३० पर्यंत वाढविण्यात आली. न्यूझीलंडमध्ये १८६७ पासून माओरी मतदार आपले प्रतिनिधी स्वतंत्रपणे निवडतात. भारतात मात्र राखीव जागेवरील आदिवासी उमेदवारासही इतर समाजांची मते मिळवावी लागतात. त्यामुळे समाजासमाजांत दुरावा वाढत नाही, हा या पद्धतीचा गुण. परंतु आदिवासींचे हितसंबंध इतरांच्या हितसंबंधांशी विरोधी असतील, तेथे प्रतिनिधीस स्पष्ट भूमिका घेणे अवघड जाते, ही तिची मर्यादा होय.