थांबलेली नाडी आणि चालते हृदय

सिद्ध योग्याला आपले हृदय इच्छेनुसार थांबवता येते, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात व युरोपातही गंभीरपणे घेतली जात होती, आणि तिचा निकाल अखेर विद्युत् हृदयालेखाने, म्हणजे ज्याला सर्वत्र ईसीजी म्हणतात त्या आलेखाने लावला. १९२४ साली हा आलेख घेण्याची पद्धत विकसित केल्याबद्दल लायडनच्या विलेम आइंथोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या योगक्रियांचे परिणाम क्ष-किरणांनी व दाबमापकांनी तपासावेत, हा त्यांचा आग्रह त्या काळी असामान्य धैर्याचा होता, कारण श्रद्धेचा विषय मोजपट्टीखाली आणणे परंपरेला रुचणारे नव्हते.

वादाचे मर्म कळण्यासाठी हृदयाची रचना ध्यानात घ्यावी लागते. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद व खालच्या दोन जाड भिंतींच्या कप्प्यांना निलय म्हणतात. उजव्या अलिंदात, वरची महाशीर जेथे उघडते तेथे, पेशींची एक लहान गाठ असून कीथ व फ्लॅक यांनी १९०७ मध्ये वर्णिलेली हीच गाठ हृदयाचा ठेका धरते. तिच्यातून निघालेली विद्युत् लहर आधी अलिंदांत पसरते, अलिंद व निलय यांच्या सीमेवरील दुसऱ्या गाठीत क्षणभर रेंगाळते आणि मग तंतूंच्या जुडग्यातून निलयांत उतरते. आलेखावर अलिंदांचा छोटा उंचवटा ‘पी’, निलयांचे उंच टोकदार शिखर ‘क्यूआरएस’ आणि निलय पूर्ववत होतानाचा पसरट उंचवटा ‘टी’ या अक्षरांनी ओळखला जातो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकत असल्यामुळे ५ मिलिमीटरचा प्रत्येक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा ठरतो, आणि दोन शिखरांमध्ये असे चार चौकोन असले तर हृदयगती मिनिटाला ७५ येते. हा आलेख लहरीची वाट दाखवतो. प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर पडले, हे मात्र तो सांगत नाही.

१९३५ मध्ये फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यांनी भारतात फिरून योगसाधकांची नाडी, श्वास व हृदयालेख एकाच वेळी नोंदवले, आणि आलेखाची शिखरे जवळजवळ लोपल्याचे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध होताच जुन्या समजुतीला विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखे झाले. मात्र आलेखासाठी शरीरावर लावलेल्या तारांची प्रत्येक जोडणी हृदयाकडे एकाच दिशेने पाहते, त्यामुळे श्वास रोखताना हृदय किंचित वळले तरी त्या एका दिशेची शिखरे खुजी होऊ शकतात.

१९५७ मध्ये वेंगर व बागची हे अमेरिकेतील संशोधक साधकांच्या अभ्यासासाठी भारतात आले; त्यांच्या कामात लोणावळ्याच्या कैवल्यधामातील साधकही होते. हृदयावरील ताब्याविषयी त्यांनी दिल्लीच्या बी. के. आनंद यांच्यासह लिहिलेला निबंध १९६१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. हृदय थांबवण्याचा दावा करणारे साधक कंठद्वार मिटून श्वास कोंडत आणि छाती व पोटाचे स्नायू आवळत. त्यामुळे छातीतील दाब वाढून शिरांतले रक्त हृदयाकडे परतण्यास अडथळा येई, बाहेर पडणारे रक्त घटे, मनगटावरची नाडी बोटांना लागेनाशी होई आणि हृदयध्वनी स्नायूंच्या आवाजात बुडून जात. आलेखावर मात्र हृदयाचे काम चालूच दिसत होते. एका साधकाने हृदयगती लक्षणीय मंद केली, ही नोंदही त्यांनी तितक्याच प्रांजळपणे केली, आणि ती या निबंधातील सर्वांत मोलाची नोंद मानावी लागते.

साधकांनी फसवणूक केली असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल, कारण हात आणि कान एवढीच साधने असलेल्या काळात नाडी गेली म्हणजे हृदय थांबले असे मानणे स्वाभाविक होते. पुढे १९६९ मध्ये मुंबईच्या के. के. दाते व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा परिणाम तपासून प्रसिद्ध केला, तेव्हा प्रश्न हृदय थांबवण्याचा उरलेला नव्हता. विसावलेल्या शरीरात रक्तदाब किती उतरतो, हे तेथे मोजले जात होते.