वासा आणि वंश

वऱ्हाडच्या वास्तुकलेची गोष्ट निघाली म्हणजे ती बहुधा दगडाचीच गोष्ट होते. बहामनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात बांधविलेला गाविलगड आणि अकोल्याच्या उत्तरेचा नरनाळा ही दोन नावे घेतली की प्रांताचा वास्तु-इतिहास आटोपला, असा समज आहे. परंतु ज्या डोंगरांत गाविलगड उभा आहे, त्याच मेळघाटात कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या वेळूची घरे बांधीत आले. त्या घरांचा इतिहास कोणी लिहिला नाही. कारण वेळूवर शिलालेख कोरता येत नाही. मात्र त्याचा लेख आपल्या भाषेत उमटलेला आहे.

छपराच्या उतरत्या दांड्यास आपण वासा म्हणतो. हा शब्द संस्कृत ‘वंश’ या शब्दापासून आला, आणि वंश म्हणजे वेळू. अथर्ववेदातील शालासूक्तात वंशाने खांबावर नीट आरूढ व्हावे, अशी विनवणी आहे. नवव्या कांडात घराच्या वेळूंची बंधने सोडण्याचाही उल्लेख येतो. आज वासा सागाचा असो की लोखंडाचा, ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ असे म्हणणारा मनुष्य नकळत वेळूचेच नाव घेत असतो. कुळाला आणि घराच्या आधाराला एकच शब्द असावा, यात आपल्या पूर्वजांची दृष्टी दिसते.

वऱ्हाडच्या सपाटीवर घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे धाबे. मेळघाटात पाऊस जोराचा, म्हणून तेथे उतरते छप्पर हवे. सागाच्या मेढी रोवायच्या, त्यांवर आढे चढवायचे, आढ्यावरून दोन्ही पाख्यांना वासे सोडायचे, वाशांवर कामट्या बांधून गवत किंवा कौले घालायची. भिंत म्हणजे कुड : उभ्या काठ्यांत आडव्या कामट्या विणून दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेला. छपराचा भार मेढी वाहतात. कुडाला केवळ स्वतःचा भार. त्यामुळे भिंत हलकी राहते, आणि जमीन हादरली तरी अंगावर कोसळून जीव घेणारे दगड तिच्यात नसतात.

या कामाचे शास्त्र कारागिरांच्या हातात होते. येथील मानवेल कोरड्या डोंगरावर जवळजवळ भरीव वाढतो, म्हणून तो वाशाला योग्य. कोवळी काठी सुकली की सुरकुतते. निदान तीन वर्षांची पाहून, पावसाळा सरल्यावर तोडावी लागते. काठीतील पिष्टामुळे तिला भुंगेरे लागतात. काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवली म्हणजे ते पिष्ट बरेच निघून जाते. वेळूत खिळा मारला की तो उभा चिरतो. म्हणून सांधे ठोकावयाचे नाहीत, बांधावयाचे.

मग अशी विद्या मागे का पडली ? उत्तर वेळूच्या गुणांत नाही. ते कायद्यात आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटची जंगले राखीव झाली. वनस्पतिशास्त्राच्या मते वेळू हे गवत. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘वृक्षा’च्या व्याख्येत त्यालाही बसविले. राखीव रानातून घरासाठी वासा आणावयाचा तर सरकारची मुभा हवी. तोच वेळू कागदाच्या कारखान्यांना मात्र हवासा झाला. मेळघाटच्या शेजारीच नेपानगरला असा कारखाना उभा राहिला. १९५६ साली पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. त्याच्या लगद्यासाठी सालईबरोबर वेळूही लागे. आपली नियतकालिके ज्या कागदावर छापली गेली, त्यात कित्येक घरांचे वासे विरघळले असतील.

कायद्याने वेळू दूर नेला आणि शिरगणतीने त्याची प्रतिष्ठा नेली. जनगणनेच्या कोष्टकांत विटा-सिमेंटचे घर ‘पक्के’, तर गवत व बांबू यांचे ‘कच्चे’ ठरले. कच्च्या घरात राहणारा मनुष्यही कच्चाच, असा अर्थ समाजाने आपसूक काढला.

सुदैवाने उलटी गतीही दिसते. २००६ च्या वनाधिकार कायद्याने बांबू हे गौण वनोपज मानले गेले. २०११ च्या एप्रिलात गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिका आली. २०१७ साली ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, आणि वनाबाहेर लावलेला बांबू तोडण्या-नेण्यावरील त्या कायद्याचे बंधन सुटले. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारून कोरकू तरुणांना ही विद्या नव्याने शिकविली. टाकणखार व बोरिक ॲसिड यांच्या द्रावणात मुरविलेल्या वेळूस भुंगेरे सहसा शिवत नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूच्या बांधकामाला स्वतंत्र विभाग मिळाला, आणि २०१२ साली त्याच्या रचनेविषयी भारतीय मानकही निघाले. जे कोरकूंना ठाऊक होते त्यातले पुष्कळ आता अभियंत्यांच्या पुस्तकात आले.

वेळू निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. तो पेट घेतो; ओल्या जमिनीत रोवला की थोड्याच वर्षांत कुजतो; त्याच्या सांध्यांची वरचेवर निगा करावी लागते. म्हणून जोते दगडाचे आणि वळचण लांब ठेवावी. परंतु निगा दगडालाही लागते. गाविलगडाचे पडलेले बुरूज हीच साक्ष देतात. वेळूचा वासा कुजला तर रानातून दुसरा आणता येतो, मात्र ते रान घर बांधणाराला मोकळे असले पाहिजे आणि वासा बांधण्याची विद्या त्याच्या मुलास शिकावीशी वाटली पाहिजे. घर कच्चे की पक्के, याचा निर्णय या दोन गोष्टींवर करावा. भिंत कशाची आहे हा प्रश्न त्यानंतरचा.