वृद्धाश्रमातील दिवस : एका नसलेल्या रकान्याचा इतिहास

शासकीय सेवेत असताना, सन २०११ च्या सुमारास, काही संस्थांच्या वार्षिक तपासणीचे काम आमच्याकडे आले होते. त्यांत एक वृद्धाश्रमही होता. खाटा किती, स्वच्छतागृहे किती, पिण्याच्या पाण्याची सोय, आहाराचा तक्ता, औषधांची नोंदवही, असे छापील नमुन्यातील सारे रकाने आम्ही यथास्थित भरले आणि ‘व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा मारून सही केली. निघताना व्हरांड्यात एक वृद्ध गृहस्थ भेटले. आडनावावरून ओळख निघाली. त्यांचे पूर्वज होळकर दरबारच्या फडावर कारकून होते. शिष्टाचार म्हणून आम्ही विचारले, “काय काका, ठीक चाललंय ना?” ते म्हणाले, “साहेब, सगळं मिळतं इथे. सकाळी उठून करायचं काय, एवढंच तेवढं मिळत नाही.”

त्या नमुन्यात यासाठी रकाना नव्हता, आणि आम्हीही तो वाढवला नाही. निवृत्तीनंतर हे वाक्य अधिकच टोचू लागले, म्हणून या विषयाचा जो मागोवा घेतला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

परावलंबी वृद्धांना अन्न आणि छप्पर द्यावे, ही कल्पना पुरातन आहे. परंतु त्यांच्या दिवसाला काही आशय असावा, हा विचार संस्थांच्या इतिहासात फार उशिरा आला. इंग्लंडचे उदाहरण घेऊ. १८३४ च्या गरीब कायद्याने तेथे ‘वर्कहाउस’ म्हणजे श्रमगृहांची व्यवस्था कडक केली. आळशी माणसाला सरकारी अन्नाची गोडी लागू नये, हे तिच्यामागील सूत्र. त्यामुळे धडधाकट माणसांना खडी फोडणे, जुन्या दोरखंडांचे धागे पिंजणे अशी मुद्दाम नकोशी वाटतील अशी कामे दिली जात. काळाच्या ओघात मात्र ही गृहे वृद्ध, पंगू आणि आजारी माणसांनीच भरू लागली. त्यांच्याकडून खडी फुटणार नव्हती. आणि दुसरे काम कोणी योजलेच नव्हते. भिंतीलगतच्या बाकांवर ती माणसे ओळीने बसून राहत.

या बाकांकडे ज्यांचे लक्ष गेले त्यांत लेडी ब्रेबेझॉन ही उमराव घराण्यातील बाई ठळकपणे दिसते. पुढे ती काउंटेस ऑफ मीथ झाली. १८८२ साली तिने एक योजना मांडली. श्रमगृहातील अशक्त रहिवाशांना विणकाम, भरतकाम, लेस करणे असे कसब स्वयंसेविकांनी शिकवावे. प्रारंभीच्या साहित्याचा खर्च तिने सोसावा. तयार वस्तू विकून येणाऱ्या पैशांतून पुढचे साहित्य आणावे. लंडनमधील केन्सिंग्टनच्या श्रमगृहाने ही योजना आरंभी स्वीकारली. व्यवस्थापक मंडळी प्रथम साशंक होती. शिस्त बिघडेल, पसारा होईल, अशा शंका कोणत्याही कार्यालयात आजही ऐकू येतात तशाच तेव्हाही होत्या. तरीही १९०० पर्यंत या योजनेच्या शाखांची संख्या १७० च्या वर गेली होती.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. दोरखंड पिंजणे हेही काम आणि लेस विणणे हेही काम. पहिले शिक्षा म्हणून लादलेले, तर दुसरे आवडीने निवडलेले आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणारे. हाताला काम असणे पुरेसे नाही. ते काम आपले वाटले पाहिजे.

जवळजवळ शतकानंतर हाच मुद्दा प्रयोगाने तपासला गेला. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील आर्डन हाउस या शुश्रूषागृहात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी केलेला हा प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन मजल्यांवरील ९१ वृद्धांचे दोन गट होते. एका गटाला सांगितले की, आपल्या खोलीची मांडणी, भेटीगाठी, चित्रपट कोणत्या रात्री पाहायचा हे तुम्ही ठरवा; आणि एक रोप निवडून त्याला पाणीही तुम्हीच घाला. दुसऱ्या गटालाही रोपे दिली, परंतु त्यांची निगा परिचारिका राखतील असे सांगितले. वागणूक दोन्हीकडे सारखीच प्रेमळ होती. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातील ९३ टक्के वृद्धांत सुधारणा आढळली. दुसऱ्यातील ७१ टक्के अधिक खालावल्याचे दिसले. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील १५ टक्के आणि दुसऱ्यातील ३० टक्के वृद्ध निवर्तले होते. मृत्यूंच्या या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. लेखिकांनीच पुढे आपल्या गणितातील चूक दुरुस्त केली आणि तो फरक प्रथम वाटला तितका निःसंशय नसल्याचे दिसून आले. पण रोपाला पाणी घालण्याची जबाबदारी माणसाला उभारी देते, हा बोध त्यामुळे बाद होत नाही.

त्याच वर्षी रिचर्ड शुल्झ या संशोधकाचाही एक प्रयोग प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन विद्यार्थी वृद्ध निवासात भेटीस जात. भेट केव्हा व्हावी हे जे वृद्ध स्वतः ठरवीत, किंवा ज्यांना ती आधी ठाऊक असे, त्यांची प्रकृती व उत्साह वाढला. प्रयोग संपला, भेटी थांबल्या. पुढे १९७८ मध्ये शुल्झ आणि हानुसा यांनी मागोवा घेतला तेव्हा, ज्यांना आधी लाभ झाला होता तेच वृद्ध अधिक वेगाने खचलेले आढळले. सद्भावनेने सुरू केलेला आणि मध्येच सोडलेला उपक्रम अपायही करू शकतो, ही गोष्ट दर १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त फळे वाटून परतणाऱ्या आपण सर्वांनी मनाशी नोंदवावी.

१९९१ साली न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन गावी बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर चेस मेमोरियल या शुश्रूषागृहात रुजू झाला. सुमारे ८० रहिवासी, बहुतेक विकलांग किंवा स्मृतिभ्रंश झालेले. एकाकीपणा, कंटाळा आणि असहायता ही येथली तीन खरी दुखणी, असे त्याचे निदान होते. औषध म्हणून त्याने दोन कुत्रे, चार मांजरे, शंभर पोपटवर्गीय पक्षी, खोलीखोलीत झाडे आणि हिरवळीच्या जागी भाजीचा मळा आणला. पक्षी आले त्या दिवशी पिंजरे आलेच नव्हते! त्या गोंधळात सर्वांनी हात लावला आणि वर्षानुवर्षे गप्प असलेल्या घरात हशा उसळला. काही रहिवासी स्वतःहून कुत्रा फिरवायला निघू लागले. दुसऱ्या एका शुश्रूषागृहाशी तुलना करता प्रत्येकी औषधयोजना निम्म्यावर आली आणि औषधांचा खर्च तिथल्या खर्चाच्या ३८ टक्के उरला.

ही हकीकत ज्यांनी २०१४ मधील आपल्या ‘बीइंग मॉर्टल’ या ग्रंथातून जगभर पोचवली ते शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे मूळचे आपल्यातलेच. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे महाराष्ट्रातील उटी या गावचे शेतकरी. जवळजवळ ११० वर्षे जगले. उतारवयातही ते रात्री घोड्यावरून शेताला फेरी घालीत. पडतील या भीतीने घरच्यांनी घोडा काढून घेतला नाही; लहान घोडा पाहून दिला. काळजी घेणे म्हणजे काय, याचे याहून नेटके उदाहरण आम्हांस सापडले नाही.

यावर कोणी म्हणेल, आपल्या वाड्यांतून हे सारे होतेच. होते, हे खरे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या वाड्यांत आजी वाती वळीत, पापडांवर देखरेख करीत, नातवंडांकडून पाढे म्हणवून घेत. आजोबांकडे किल्ल्या आणि हिशेबाची वही असे. पण त्याच वाड्यांच्या मागील दारी विधवा आत्या आणि काकूही राबत असत. त्यांच्या हाताला काम होते. निवड मात्र नव्हती. तेव्हा केवळ जुन्या दिवसांचे गोडवे गाऊन भागणार नाही. शिवाय आज मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी असतात, वाड्यांच्या जागी सदनिका आल्या आहेत, आणि वृद्धाश्रमात राहणे हे आता केवळ निराधारांचे प्राक्तन उरलेले नाही.

आपल्याकडे २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या कलम १९ नुसार राज्य शासनाला जिल्ह्यागणिक किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम स्थापता येतात, आणि त्यांच्या व्यवस्थापनासाठी वैद्यकीय सेवा व ‘मनोरंजनाची साधने’ यांविषयी मानके ठरवता येतात. शब्द आला, हेही थोडे नव्हे. परंतु मनोरंजन म्हटले की कार्यालयीन बुद्धी दूरदर्शन संचाची खरेदी करून मोकळी होते. आम्हीही तेच केले असते. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांना प्रत्येक रहिवाशाची आवड व गरज ओळखून नित्य उपक्रम चालवणे बंधनकारक केले. दूरचित्रवाणीसमोर माणसे ओळीने बसवणे आणि भिंतीलगतच्या बाकांवर बसवणे यांत फारसे अंतर नाही, हे ध्यानी आल्याशिवाय आपला नमुना बदलणार नाही.

आता त्या व्हरांड्यातील गृहस्थांविषयी. निवृत्त झाल्यावर आम्ही पुन्हा त्या आश्रमात गेलो. ते राहिले नव्हते. व्यवस्थापकांकडून कळले की, काकांना मोडी उत्तम वाचता येत असे. जुने कागद कोणी आणून दिले तर वाचून देईन, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत. आमच्या घरी पणजोबांचे मोडी दप्तर लोखंडी पेटीत बांधून ठेवलेले आहे. आमच्या हयातीत ते कोणी उलगडलेले नाही. त्यांना काम हवे होते आणि आमच्याकडे काम पडून होते. मध्ये आमची सही तेवढी होती.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी अशी दप्तरे असतील, पाककृतींच्या वह्या असतील, ओव्या ठाऊक असलेल्या पण त्या कोणी विचारीत नाही अशा वृद्धा ओळखीच्या असतील. आमची सूचना साधी आहे. जवळच्या एका वृद्धाश्रमात आठवड्यातील एक वार ठरवून जावे. वार त्यांनाच ठरवू द्यावा. काही द्यायला न जाता काही मागायला जावे : वाचून द्या, शिकवा, सांगा, चूक दाखवा. आणि वर्षभर जमणार नसेल, तर सुरूच करू नये. आम्ही गेल्या चैत्रापासून बुधवार धरला आहे. दप्तरातील पहिले रुमाल सोडले आहेत. एक ८८ वर्षांच्या बाई, वडिलांकडून शिकलेल्या मोडीच्या बळावर, अडखळत ते वाचतात आणि आम्ही लिहून घेतो. मागच्या बुधवारी आम्हांस पोचायला अर्धा तास उशीर झाला, त्याबद्दल त्यांनी आमची चांगलीच खरडपट्टी काढली.